पोलिसाच्या गाडीची सळई

अमेरिकेत पोलिसांची गाडी निवृत्त होते तेव्हा आधी तिची ओळख पुसतात. दारांवरची अक्षरं खरवडतात, टपावरचे दिवे उतरवतात, पुढच्या काचेशेजारचा शोधदिवा काढून घेतात आणि गाडी लिलावात उभी करतात. तिथून ती पुष्कळदा टॅक्सीवाल्याच्या हाती जायची. पोलिसी गाडीचं कूलिंग दणकट, सस्पेन्शन कडक. नवा रंग मारला की आणखी काही वर्षं शहरभर माणसं वाहायला ती मोकळी. त्यानंतर मात्र भंगार. शेव्हरोलेची कॅप्रिस ही नव्वदच्या दशकातली पोलिसांची लाडकी गाडी याच वाटेनं गेली. १९९६ नंतर ती त्या रूपात बनलीच नाही, आणि आता भंगाराच्या यार्डातही ती दिसली तर नशीब म्हणायचं.

अशाच एका कॅप्रिसच्या पोटाखालून निघालेल्या सळईची ही हकिकत आहे. जाडी २६ मिलिमीटर, स्प्रिंगचं पोलाद, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली, दोन्ही टोकांना दोन-दोन भोकं. अमेरिकेत तिला स्वे बार म्हणतात, आपल्या गॅरेजात स्टॅबिलायझर. ती आता १९९५ च्या ब्यूक रोडमास्टर इस्टेट या स्टेशन वॅगनखाली बसली आहे. वॅगन माझ्या मावसभावाची. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघून पिंपरीला टेल्कोत उमेदवारी केलेला, मग मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या आसपास सस्पेन्शनच्या सुट्या भागांच्या धंद्यात नोकरी करून तिथंच निवृत्त झालेला माणूस. "आयुष्यभर नवे पार्ट विकले रे, आता जुने शोधत फिरतोय," असं स्वतःबद्दल सांगतो आणि वहिनींकडे बघत नाही.

वहिनींचं म्हणणं साधं आहे. दारात साडेपाच मीटर लांबीची, बाजूला लाकडाच्या नक्षीचा प्लास्टिकचा पत्रा चिकटवलेली, पेट्रोल ढोसणारी गाडी कशाला हवी? त्याला दादाकडे उत्तर नाही. मला विचाराल तर उत्तर गाडीच्या मागच्या बाकात आहे. रोडमास्टरच्या डिकीत जमिनीतून एक तिसरं आसन उघडतं आणि त्यावर बसलेली मुलं मागे तोंड करून बसतात. गेलेला रस्ता बघत. मधल्या बाकावर छताला काच. पुढे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, २६० अश्वशक्तीचं, जे मुळात कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातलं. आठ माणसं, त्यांचं सामान आणि मागे एखादी बोट ओढत जाणारी ही गाडी अमेरिकेतल्या मोठ्या वॅगनच्या वंशातली शेवटची. कॅप्रिस आणि रोडमास्टर दोन्ही १९९६ च्या डिसेंबरात टेक्ससमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात एकदमच संपल्या, आणि जनरल मोटर्सनं तिथं मोठ्या एसयूव्ही बनवायला घेतल्या.

वॅगन का मेली याची कारणं सांगताना लोक फॅशनवर बोट ठेवतात. फॅशन होतीच; १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरची मिनीव्हॅन आली आणि बापाची वॅगन एकदम म्हातारी वाटायला लागली. पण कायद्याचाही हात होता. १९७५ च्या कायद्यानं कार कंपन्यांना सरासरी इंधनबचतीचं बंधन घातलं. नव्वदच्या दशकात कारसाठी ते गॅलनला साडेसत्तावीस मैल होतं आणि हलक्या ट्रकसाठी २०.७ मैलांच्या आसपास. वॅगन मोजली जायची कारमध्ये, एसयूव्ही ट्रकमध्ये. तेवढ्याच वजनाची, तेवढीच माणसं नेणारी गाडी चाकांवर थोडी उंच उचलली की कागदावर ती ट्रक होते, मग कंपनी दुसरं काय करणार?

कॅप्रिस, रोडमास्टर, इम्पाला एसएस या सगळ्या एकाच चौकटीवरच्या. खाली शिडीसारखी पोलादी फ्रेम, वर वेगवेगळी बॉडी. मागचा ॲक्सल अखंड, तो चार आर्मनी फ्रेमला जोडलेला: दोन वरचे, दोन खालचे. पोलिसांच्या कॅप्रिसला आणि इम्पाला एसएसला मागचा स्टॅबिलायझर बार मिळाला. दादाच्या वॅगनला मिळाला नव्हता. एकाच आईबापाच्या पोरांत असा दुजाभाव का, हा प्रश्न मला पूर्ण हकिकतीपेक्षा जास्त रंजक वाटला.

त्याआधी सळई काय करते ते बघू. गाडी डावीकडे वळली की बॉडी उजवीकडे कलते. मग मागचा उजवा आर्म बॉडीच्या तुलनेत वर जातो, डावा खाली. सळई या दोन आर्मना जोडलेली असल्यामुळे तिचं एक टोक वर ओढलं जातं, दुसरं खाली, आणि मधला भाग ओला टॉवेल पिळावा तसा पिळला जातो. पोलाद पिळून घ्यायला नाराज असतं. ते उलट जोर लावतं आणि बॉडीचा कल कमी होतो. दोन्ही चाकं एकदम उंचवट्यावर चढली, उदाहरणार्थ सरळ आडव्या स्पीड ब्रेकरवर, तर दोन्ही टोकं एकत्र वर जातात आणि सळई काहीच करत नाही. यातच तिची सगळी हुशारी. स्प्रिंग कडक न करता फक्त कलंडणं तेवढं रोखायचं. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन यांनी १९१९ च्या एप्रिलमध्ये या कल्पनेचं पेटंट मिळवलं होतं. पण तेव्हाच्या गाड्यांच्या स्प्रिंगाच इतक्या ताठ होत्या की पुढची काही दशकं तिची फारशी गरज पडली नाही.

इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पुढचं मात्र भल्याभल्यांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं. सळई लावली की गाडीची पकड वाढते, असा समज आहे. तसं होत नाही. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, आणि किती जायचं ते गाडीचं वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यावर ठरतं. एकवीसशे किलोची वॅगन, गुरुत्वमध्य जमिनीपासून साठ सेंटिमीटरवर, चाकांत १६० सेंटिमीटर अंतर असं धरून चाला. गुरुत्वाकर्षणाच्या चार-दशांश जोरानं ती वळली तर सुमारे ३१५ किलो भार आतून बाहेर सरकतो. सळई असो वा नसो, तो सरकणारच. सळई फक्त एवढंच ठरवते की त्या ३१५ किलोंपैकी पुढच्या जोडीनं किती उचलायचे आणि मागच्या जोडीनं किती.

आणि टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणजे ज्या जोडीत एका चाकावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी भार, त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढची सळई जाड केली की पुढची जोडी आधी सुटते, नाक वळणाबाहेर जातं. इंजिनिअर त्याला अंडरस्टिअर म्हणतात. मागची जाड केली की नाक छान वळतं, पण मर्यादेला पोचल्यावर शेपूट आधी सुटतं. ते ओव्हरस्टिअर. घाबरलेला माणूस स्वाभाविकपणे ॲक्सिलरेटर सोडतो. नाक घसरत असेल तर त्यानं गाडी पुन्हा रेषेवर येते. शेपूट घसरत असेल तर आणखी फिरते. त्यामुळे घरगुती गाडी विकणारा कोणताही शहाणा कारखाना तिला थोडी नाकानं घसरणारी ठेवतो. त्यात वॅगनच्या मागे सामान, माणसं, वर ट्रेलर. मागच्या स्प्रिंगा भारासाठी आधीच ताठ, आणि ताठ स्प्रिंगही कलंडणं रोखतेच. वॅगनला मागची सळई न देण्यात कंजुषी नव्हतीच असं मी म्हणणार नाही, पण हिशेबही होता.

हा हिशेब चुकला की काय होतं ते जनरल मोटर्सच्याच इतिहासात लिहिलेलं आहे, आणि गंमत म्हणजे दादा राहतो त्याच डेट्रॉइटच्या परिसरात. इप्सिलँटी गावाजवळच्या विलो रनला फोर्डनं दुसऱ्या महायुद्धात बी-२४ बॉम्बर विमानांचा प्रचंड कारखाना उभारला होता. त्याच जागी पुढे जनरल मोटर्स आली, आणि तिथल्या जुळणी कारखान्यात १९५९ पासून शेव्हरोले कॉर्व्हेअर बनू लागली. इंजिन मागे, आणि मागचे अर्धे-अर्धे ॲक्सल झोका घेणारे. अशा गाडीला पुढे सळई हवी, म्हणजे पुढची जोडी जास्त भार उचलेल आणि शेपूट जागेवर राहील. पहिल्या चार वर्षांच्या मॉडेलांना ती सरसकट दिलीच नाही. त्याऐवजी टायरमधल्या हवेवर भिस्त ठेवली: पुढे १५ पौंड, मागे २६. पेट्रोल पंपावर कोण एवढा फरक पाळतो? १९६४ च्या मॉडेलला पुढची सळई आणि मागे एक आडवी पाट्याची स्प्रिंग आली, पण तोवर कोर्टात दावे पडले होते. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक आलं. त्याचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर आहे. कंपनीनं नेडर यांच्यामागे खासगी हेर लावले, ते उघडकीला आलं, आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगायला हवं की १९७२ मध्ये सरकारी संस्थेनंच केलेल्या चाचण्यांत ती जुनी कॉर्व्हेअर तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट ठरली नाही. ते वाचायला तोवर कोणी उरलं नव्हतं. गाडी १९६९ मध्येच बंद झाली होती.

विलो रनची गोष्ट तिथं संपत नाही. कॅप्रिसही पुढे तिथंच बनत होती. १९९२ मध्ये कंपनीनं सांगितलं की आम्ही कॅप्रिसचं सगळं काम टेक्ससला नेणार. इप्सिलँटी टाउनशिपनं कंपनीला १९८४ आणि १९८८ मध्ये करसवलती दिल्या होत्या. त्यांनी दावा ठोकला. फेब्रुवारी १९९३ मध्ये न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन यांनी गावाच्या बाजूनं निकाल दिला, कारखाना हलवू नका म्हणून. ऑगस्टमध्ये वरच्या कोर्टानं तो फिरवला. कारखाना बंद झाला. दादा त्या वर्षांत त्याच भागात नोकरीला होता. "माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचे भाऊ-मेव्हणे विलो रनला होते," तो सांगतो, आणि एवढं सांगून विषय बदलतो.

आता यार्ड. अमेरिकेतली बरीचशी भंगार-यार्डं 'तुझं तू काढ' पद्धतीची असतात. दारात एक-दोन डॉलर प्रवेशफी, आपली हत्यारपेटी उघडून दाखवायची, गॅसकटर आणायला बंदी, जॅकही आणू देत नाहीत. आत कंपनीवार रांगा. प्रत्येक गाडी रिकाम्या चाकांचे रिम एकमेकांना वेल्ड करून केलेल्या ठोकळ्यांवर चढवलेली, म्हणजे खाली सरपटून जाता येतं. किमती ठरलेल्या: दार एवढ्याला, अल्टरनेटर एवढ्याला. गाडी कुठली, पार्ट किती चांगला, याला किंमत नाही. म्हणून तर माहीतगाराचं फावतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात दुकानदाराला तुमच्यापेक्षा जास्त कळतं आणि तो तुमचा चेहरा बघून भाव सांगतो. इथं काउंटरवरच्या मुलाला सळई म्हणजे सळई.

पांढऱ्या रंगाखाली पिवळा आणि पिवळ्याखाली निळा अशी ती कॅप्रिस रांगेच्या टोकाला उभी होती. दादा आधी डिकीकडे गेला. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागदी पट्टी चिकटवलेली असते, तीवर तीन-तीन अक्षरांचे कोड रांगेनं छापलेले. गाडी कारखान्यातून निघताना तिच्यात काय काय होतं त्याची ती कुंडली. ओल लागून अर्धी उडालेल्या त्या पट्टीवर त्यानं बोट फिरवलं आणि एका कोडावर थांबला. नऊ, सी, एक. पोलिसांच्या कॅप्रिसचा कोड. मग पुढच्या खांबावर, काचेच्या बाजूला, रबराची बुचं मारलेली भोकं दाखवली: इथं शोधदिवा होता. "पोलीस गाडी म्हणजे सस्पेन्शन पोलिसी. आता खाली बघ."

खाली बघितलं तर बार होता आणि मिशिगनचा गंजही. इथं हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. वीस-तीस हिवाळे खाल्लेल्या गाडीचा प्रत्येक बोल्ट जागेवरच जन्मल्यासारखा वागतो. दादानं आदल्या भेटीतच तेल मारून ठेवलं होतं. बारचे चार बोल्ट लांब दांड्याच्या पान्यानं, कुरकुरत, पण सुटले. पण त्याला नुसता बार नको होता. त्याला खालचे दोन्ही आर्म हवे होते, आणि खरी मारामारी ती.

आर्म का हवे, ते हातात घेतल्यावर कळतं. बार नसलेल्या गाडीचा आर्म म्हणजे पत्रा वाकवून केलेली उघडी पन्हळ; बार बसवायला तिच्यात भोकंच नसतात. बार असलेल्या गाडीचा आर्म चारही बाजूंनी बंद केलेली पेटी, आणि बोल्ट जिथून जातो तिथं आत एक नळी, म्हणजे बोल्ट आवळला तरी पेटी चेपत नाही. बार पिळला जातो तेव्हा तो आर्मलाही पिळायला बघतो, आणि उघडी पन्हळ पिळायला फार सोपी. काही लोक पन्हळीत ड्रिल मारून तिथंच बार कसतात. ते काही दिवस चालतं, मग भोकं लंबगोल होतात, मग भेगा पडतात. कारखान्यानं दोन प्रकारचे आर्म उगाच बनवले नव्हते. सळई कोणीही उचलून आणेल. तिच्याबरोबर काय काय येतं हे ओळखणं म्हणजेच जुन्या पार्टांचं ज्ञान.

आर्मच्या दोन टोकांचे बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झाले होते. बोल्ट फिरतो, पण त्याच्याबरोबर नळी आणि रबरही फिरतं. गॅसकटरला बंदी. शेवटी बॅटरीच्या करवतीनं बुशच्या दोन्ही कडांना बोल्ट कापून आर्म सुटे केले. बुश तसेही टाकून द्यायचे होते. काउंटरवरच्या मुलानं बार आणि दोन आर्म वजनकाट्याकडे न नेता यादीत शोधले, पैसे घेतले आणि पावतीवर मार्कर फिरवला. सगळं मिळून एका नव्या टायरच्या किमतीपेक्षा कमी.

घरी आल्यावर बार तारेच्या ब्रशनं घासला. इथं दादा अर्धा तास काही बोलला नाही. उजेडात धरून, नख फिरवत, वाकणाच्या आतल्या बाजू तपासत होता. स्प्रिंगच्या पोलादात गंजाचा खोल खड्डा हा भेगेचा जन्म असतो आणि पिळण्याचा ताण नेमका पृष्ठभागावर सगळ्यात जास्त. वरवरचा गंज चालतो, खड्डा नाही. वेल्डिंग करून तो बुजवायचा विचारही करू नये. उष्णतेनं पोलादाचं पाणी उतरतं. बार चांगला निघाला. आर्मना नवे बुश प्रेसवर दाबून बसवले आणि काळा रंग मारला. सगळे बोल्ट नवे आणले, १०.९ ग्रेडचे. सळई जुनी चालते, बोल्ट जुने चालत नाहीत, हा त्याचा नियम.

बसवण्याचं काम त्यामानानं सरळ. वॅगन मागून उचलून ॲक्सलखाली घोडे लावले, म्हणजे ॲक्सलला लटकायला जागा नाही. एका वेळी एकच आर्म काढायचा. दोन्ही एकदम काढले तर ॲक्सल खालून फिरतो आणि भोकं पुन्हा जुळवताना दिवस जातो. या गाडीत मागची स्प्रिंग आर्मवर नाही, थेट ॲक्सलवर बसते, त्यामुळे आर्म काढताना स्प्रिंग उडण्याची भीती नाही. वॅगनचा एक बोल्ट इथंही हटून बसला. घरी मात्र गॅस होता.

एक गोष्ट बहुतेक गॅरेजांत चुकते ती इथं सांगतो. आर्मच्या बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. गाडी हवेत लटकलेली असताना बोल्ट पूर्ण आवळले तर नळी त्या लटकत्या कोनातच पकडली जाते. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हातानं लावायचे, वजन चाकांवर येऊ द्यायचं, गाडी दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मग शेवटचं आवळायचं. दादा त्यासाठी गाडी रॅम्पवर चढवून खाली शिरला. बार सगळ्यात शेवटी. एका बाजूला आर्म आणि बारमध्ये किंचित फट होती. ती बोल्टनं ओढून बंद करायची नाही, पातळ पत्र्याची शिम भरायची. चार बोल्ट, टॉर्क पाना, संपलं. वंगण नाही, वायर नाही, संगणकाला काही सांगायचं नाही.

मग चालवून बघितली. दादाच्या घराजवळ एक चक्राकार चौक आहे. मिशिगनमध्ये असे चौक अलीकडे पुष्कळ झालेत. पूर्वी रोडमास्टर तिथं शिरली की आधी बॉडी एका बाजूला कलायची, जरा थांबायची आणि मग वळायची. चालवणाऱ्याला दोनदा स्टिअरिंग फिरवावं लागे. आता ती एकदाच वळते. दोन टनांची गाडी दोन टनांचीच आहे, पण तिचा आळस गेला. कॉफीचा पेला होल्डरबाहेर सांडत नाही, हे वहिनींनी स्वतःहून सांगितलं, आणि त्यांच्याकडून या गाडीची ही पहिली स्तुती.

फटका कुठे बसला तेही सांगतो. गावाबाहेर रेल्वेचं एक तिरकं फाटक आहे. तिथं आधी डावं चाक रुळावर चढतं, मग उजवं. पूर्वी मागचं बूड मऊ डोलायचं. आता चाकाचा धक्का सळईतून दुसऱ्या बाजूला जातो आणि डोकं दोन्हीकडे आपटल्यासारखं हलतं. आपल्याकडच्या एकेरी खड्ड्यांच्या रस्त्यांवर हा बदल कोणाला आवडला नसता. आणि ओला रस्ता. एका रिकाम्या पार्किंगच्या मैदानात, पावसात, दादानं मुद्दाम वळणावर ॲक्सिलरेटर सोडला. पूर्वी नाक सरळ जायचं. आता शेपूट हललं. थोडंच, आणि त्यानं ते धरलं, पण हललं. २०१२ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत प्रत्येक नव्या कारला स्थिरता सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची आहे. ती घसरणारं एकेक चाक ब्रेकनं पकडते. १९९५ च्या वॅगनला असलं जाळं नाही. घरी परत आल्यावर दादानं पहिली गोष्ट कुठली केली असेल तर चांगल्या खोल खाचांचे दोन टायर पुढून काढून मागे लावले.

बाजारात याहून जाड सळया मिळतात, चकचकीत रंगाच्या. जाडीचा मोह भारी असतो, कारण आकडा छोटा दिसतो. पण पिळण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. २२ मिलिमीटरची भरीव सळई २६ ची केली की ताठरपणा जवळजवळ दुप्पट; चार मिलिमीटरांत. कारखान्यानं २६ चा आकडा पोलिसांसाठी काढला तेव्हा त्याबरोबर स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, टायर आणि पुढची सळई सगळं जुळवलं होतं. मिशिगनचं राज्य पोलीस दल दरवर्षी नव्या मॉडेलच्या पोलीस गाड्या ट्रॅकवर पिदडून त्यांचे आकडे जाहीर करतं, आणि कॅप्रिस त्या चाळणीतून गेलेली गाडी. तिच्या पुढे जाऊन अंदाजपंचे जाडी वाढवणं हे शहाणपण नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

दादाला मी विचारलं, आपल्याकडे वॅगन का चालली नाही? १९९२ ची टाटा इस्टेट पुण्याचीच. नंतर मारुतीची बलेनो अल्टुरा आली, टाटांची इंडिगो मरिना आली, औरंगाबादच्या कारखान्यातून स्कोडानं ऑक्टेव्हिया कॉम्बी विकली. सगळ्या चांगल्या, एकही टिकली नाही. "अरे, आपल्याला डिकी वेगळी दिसावी लागते," तो म्हणाला. "नाहीतर शेजारी विचारतात, ॲम्ब्युलन्स घेतली का?" यात थट्टा आहे, पण तीच माणसं पुढे एसयूव्हीच्या मागच्या त्याच उघड्या जागेसाठी दोन-चार लाख जास्त मोजायला तयार झाली हेही खरं.

माझा निकाल असा. जुनी वॅगन असेल आणि त्याच चौकटीच्या भावंडाला कारखान्यानं मागचा बार दिलेला असेल, तर तो त्याच्या आर्म आणि ब्रॅकेटसकट आणून जरूर बसवावा. गाडी ट्रेलर ओढत असेल, मागचे टायर घासलेले असतील किंवा ती घरातला नवशिका चालवणार असेल, तर बसवू नये.

महाराष्ट्रातल्या वाचकाला भंगारातून मागची सळई आणायची वेळ सहसा येणार नाही. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत मागचा आडवा बीमच पिळला जाऊन तेच काम करतो. पुढचा बार मात्र पुष्कळ गाड्यांना असतो. एका बाजूचं चाक खड्ड्यात जाताना पुढून खटखट आवाज येत असेल, तर शॉकअपची जोडी बदलायला होकार देण्याआधी मेकॅनिककडून लिंक रॉड आणि बारचे बुश हलवून बघून घ्या. त्यांचा खर्च शॉकअपच्या जोडीपेक्षा कितीतरी कमी येतो.